‘घरात कुणाला सांगू नका’ म्हणाला की समजा, समोर चोरच आहे

बेळगावच्या शहापुरात माझी आत्या राहते. वय बहात्तर. मुलगा-सून दोघं नोकरीला, नातू कॉलेजला, त्यामुळे दहा ते चार ती घरात एकटीच. गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी सकाळी तिला व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी कपड्यातला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. हिंदीत बोलत होता. म्हणाला, मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलतोय, तुमच्या आधार कार्डावर मुंबईत बँक खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय. आत्याचे यजमान नोकरीनिमित्त तीस वर्षं मुंबईत होते. तेव्हाचंच काहीतरी कागदपत्राचं लफडं असेल, असं तिला वाटलं.

पुढे हुकूम सुटले. चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. घरात कुणाला सांगायचं नाही. सांगितलंत तर मुलालाही अटक होईल. आत्या देवघराच्या खोलीला आतून कडी लावून अडीच तास बसली. नशिबाने नातू लवकर घरी आला. त्याने दार वाजवलं, तर आतून उत्तर आलं, “झोपलेय रे, जा.” पण आत कुणीतरी पुरुष हिंदीत बोलतोय हे त्याला ऐकू येत होतं. तो हलला नाही. शेवटी दार उघडलं, त्याने फोन हातातून घेऊन बंद केला. तोवर आत्याने ठेवीची पावती आणि पासबुक पिशवीत भरून ठेवलं होतं. बँकेत जायचंच बाकी होतं.

संध्याकाळी आम्ही सगळे जमलो. मी विचारलं, “आत्या, अगं निदान सुनेला तरी एक फोन करायचास की.”

ती म्हणाली, “तुम्ही सगळे ओरडला असता. मागं एकदा माझे पाचशे रुपये गेले, तर महिनाभर ऐकवत होता मला.”

घरातली ऑनलाइन सुरक्षा म्हटली की आपण पासवर्ड, ओटीपी, अ‍ॅप यांच्याबद्दल बोलतो. ते लागतंच, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण आत्याच्या त्या वाक्यात जे आहे, ते कुठल्याही अ‍ॅपने दुरुस्त होत नाही. चोराला तिचा आधार नंबर माहीत होता, यात फार नवल नाही. ती घरच्यांना सांगणार नाही, यावर त्याचा सगळा डाव उभा होता, आणि ती संधी त्याला आम्हीच दिली होती.

आत्या वाचली. सगळे वाचत नाहीत. मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध दांपत्याने अशाच फसवणुकीनंतर आत्महत्या केली. त्यांचे लाखो रुपये गेले होते. आपल्या जिल्ह्यातली ही बातमी अनेकांना आठवत असेल. आणि हे फक्त गावाकडच्या, कमी शिकलेल्या माणसांना होतं असं समजू नका. वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये चोरांनी ऑनलाइन बनावट न्यायालय भरवून दाखवलं आणि त्यांच्याकडून ७ कोटी रुपये काढून घेतले. एवढा मोठा उद्योजक फसतो, तर आपल्या आत्याने, मावशीने लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही.

‘डिजिटल अटक’ कायद्यातच नाही

पहिली गोष्ट स्पष्ट करून टाकू. भारतातल्या कुठल्याही कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकार नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम, न्यायालय यांपैकी कुणीही माणसाला व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवत नाही आणि ‘तपासणीसाठी’ पैसे दुसऱ्या खात्यात भरायला लावत नाही. चौकशीला बोलावण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली जी नोटीस देतात, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये डिजिटल अटकेच्या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली. कारण चोर सर्वोच्च न्यायालयाच्याच नावाने खोटे आदेश दाखवत होते.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेलं पत्र आलं, त्यावर तुमचा फोटो आणि आधार नंबर असला, तरी घाबरू नका. शिक्का संगणकावर दोन मिनिटांत तयार होतो. आपले आधार नंबर तर लॉजच्या रजिस्टरपासून सिमच्या दुकानापर्यंत कुठे कुठे झेरॉक्स होऊन पडलेत, याचा हिशेब आपल्यालाही नाही.

तीन खुणा

प्रकार शंभर असतील, पण या फोनांची चाल एकच असते. आधी भीती किंवा लोभ: खातं बंद होईल, वीज तोडणार, मुलगा पोलीस ठाण्यात आहे, नाहीतर लॉटरी लागली, घरबसल्या काम आहे. मग घाई: आजच, आत्ताच, अर्ध्या तासात. आणि शेवटी एकटेपणा: फोन कट करू नका, कुणाला सांगू नका.

यातली तिसरी खूण लहान मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना पाठ करून ठेवा. खरी बँक कधीच म्हणत नाही की बायकोला सांगू नका. खरा पोलीस म्हणत नाही की वकिलाला विचारू नका. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द कानावर पडले की पुढचं ऐकायचं नाही, फोन ठेवायचा. उद्धटपणा होईल का, हा विचार तेव्हा करायचा नाही.

राज्याबाहेरच्या मराठी घराची वेगळी अडचण

बेळगाव, निपाणी, खानापूर, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, कुठेही जा, आपल्या घरात एक गोष्ट सारखी असते. घरात मराठी, दारात दुसरी भाषा. बँकेतला कर्मचारी कन्नड किंवा गुजराती बोलणारा, मेसेज इंग्रजीत, आणि फसवणुकीचा फोन हिंदीत. त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या माणसांना परक्या भाषेतला, जरा दरडावणीचा सरकारी आवाज ऐकायची सवयच झालेली असते. सगळं समजलं नाही तरी मान हलवायची, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. चोराला तेवढं पुरतं.

यावर उपाय साधा आहे. परक्या भाषेत पैशाबद्दल बोलणारा फोन आला, तर घरच्या माणसाने एवढंच म्हणायचं: “माझ्या मुलाशी बोला, तो परत फोन करेल,” आणि ठेवून द्यायचं. वाक्य मराठीतच बोला. समोरच्याला कळलं नाही तर त्याचं तो बघेल. मग बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्यायचा आणि आपण लावायचा. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून नंबर लावू नका, तिथे चोरांनी आपलेच नंबर टाकलेले असतात.

दुसरं असं की, आपल्या बाजूच्या बऱ्याच घरांत महाराष्ट्राचं सिम, कर्नाटकातलं घर आणि मुंबईतलं जुनं खातं, असा मामला असतो. चोराच्या यादीत फक्त नंबर असतो. त्यामुळे त्याची चूक पकडणं आपल्याला सोपं जातं. बेळगावात वीज हेस्कॉमची, वडोदऱ्यात मध्य गुजरात वीज कंपनीची, गोव्यात सरकारच्या वीज खात्याची. मग ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, महावितरण’ असा मेसेज बेळगावातल्या घरी आला तर हसून सोडून द्यायचा. पण कंपनीचं नाव बरोबर असलं तरीही, मेसेजमधल्या मोबाइल नंबरवर फोन करायचा नाही. बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन कचेरीत किंवा अधिकृत अ‍ॅपवर बघायचं.

कन्नड, तेलुगू किंवा गुजरातीतला मेसेज वाचता येत नसेल तर गूगल लेन्सने फोटो काढून त्याचं मराठी करता येतं. फोनची भाषाही सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी करता येते. आजीचा फोन मराठीत करून दिला, तर निदान कशाला ‘होय’ म्हणतोय हे तिला वाचता येईल.

घरात कोण, आणि त्याच्यासाठी फास कुठला

*आजी-आजोबा.* डिजिटल अटकेबरोबर त्यांना पेन्शनच्या नावाने गाठतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा ‘दाखला घरबसल्या भरून देतो, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, त्यामुळे आपल्याकडे निवृत्त जवानांची घरं पुष्कळ. सैन्याची पेन्शन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून येते, आणि ‘स्पर्श’चं नाव सांगून फोन आला तरी नियम तोच: ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. दाखला बँकेत, पोस्टात किंवा सेवा केंद्रात स्वतः जाऊन द्यावा.

*आई-बाबा.* यांच्यासाठी सध्याचा मोठा धोका म्हणजे एपीके फाइल. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, कधी ‘आरटीओ चलन’ येतं, कधी ‘पीएम किसान’ची यादी. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. दाबलं की फोनमध्ये बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि एकदा ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जायला लागतात. वर तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच पत्रिका तुमच्या पाहुण्यांना जाते. म्हणून ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून विश्वास ठेवू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. दाबल्यावर ‘इन्स्टॉल’ विचारलं की तिथेच थांबा.

यूपीआयबद्दल एकच वाक्य घरात लिहून चिकटवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार. क्यूआर कोड स्कॅन करणं म्हणजेही पैसे देणंच. जुनं कपाट विकताना ‘हा कोड स्कॅन करा, पैसे येतील’ असं गिऱ्हाईक म्हणाला, तर ते गिऱ्हाईक नव्हे. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागायची ‘कलेक्ट’ सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण कोडचा खेळ चालूच आहे.

*नोकरी शोधणारी मुलं-मुली.* टेलिग्रामवर ‘व्हिडिओ लाइक करा, दिवसाला हजार रुपये’ असं काम येतं. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरंच मिळतात. ते आमिष. मग ‘मोठ्या टास्क’साठी आधी आपण भरायचे, आणि भरलेले काढायला आणखी भरायचे. परदेशी नोकरीच्या नावाखाली कंबोडिया, म्यानमार, लाओसमध्ये नेऊन तिथे भारतीय तरुणांकडूनच फसवणुकीचे फोन करून घेतल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. आखाती देशांत जायची सवय असलेल्या गोव्यातल्या आणि आपल्याकडच्या घरांनी एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ वेबसाइटवर तपासल्याशिवाय मुलाला पाठवू नये.

याहून जवळचा धोका म्हणजे खातं भाड्याने देणं. कॉलेजमधला कुणी ‘मित्र’ म्हणतो, तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, तुला पाच हजार. ते पैसे कुणाच्या तरी आजीचे असतात. पोलिसांना सगळ्यात आधी सापडतो तो खात्याचा मालक, आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. हे मुलाला आज सांगा.

*शाळेतली मुलं.* यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहितो.

रविवारचा एक तास

एका रविवारी, जेवण झाल्यावर, घरातले सगळे फोन एका जागी आणा. ज्याला थोडंफार कळतं त्याने एकेक फोन घ्यावा, पण ज्याचा फोन त्याला शेजारी बसवून करावं. परस्पर केलं तर उद्या काही अडलं की माणूस पुन्हा परक्यालाच विचारेल.

एक, व्हॉट्सअ‍ॅप. सेटिंग्ज, मग अकाउंट, मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. सहा आकडी पिन ठेवा. मग कुणी ओटीपी काढून घेतला तरी तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर चालू होणार नाही. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसला तर काढून टाका. ‘प्रायव्हसी’त जाऊन, ग्रुपमध्ये फक्त ओळखीचेच आपल्याला घालू शकतील असं करा. शेअर बाजाराच्या फसव्या ग्रुपांचं दार त्याने बऱ्यापैकी बंद होतं.

दोन, आपल्या नावावरची सिम. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. आपल्या राज्यांत एका नावावर जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात. न घेतलेला नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ असं कळवा. संशयास्पद फोनची तक्रार करायला तिथेच ‘चक्षू’ आहे, आणि फोन हरवला तर तो बंद पाडायची सोयही तिथेच आहे.

तीन, आधारचा अंगठा. गावात अंगठा लावून पैसे काढायची सोय आहे, आणि बोटांचे ठसे चोरून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. आधारचं ‘बायोमेट्रिक लॉक’ यूआयडीएआयच्या वेबसाइटवर किंवा आधारच्या अ‍ॅपमधून लावता येतं. फक्त लक्षात ठेवा, रेशन घेताना किंवा हयातीचा दाखला देताना ते थोडा वेळ उघडावं लागतं. नाहीतर दुकानात अंगठा लागत नाही म्हणून आजोबा तासभर उभे राहतील.

चार, पैसे दोन जागी. यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं ठेवा, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. निवृत्तीची रक्कम, ठेवी असलेलं खातं यूपीआयला जोडूच नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रोजची मर्यादाही कमी करता येते.

पाच, अ‍ॅप. ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे का बघा. कोण आणलं ते आठवत नाही असं अ‍ॅप काढून टाका. दुसऱ्याला आपला स्क्रीन दिसू देणारं एखादं अ‍ॅप ‘मदत करतो’ म्हणून कुणी टाकायला लावलं असेल, तर ते सगळ्यात आधी काढा.

सहा, घरचं वाय-फाय. केबलवाला बसवून जातो तेव्हा पासवर्ड बहुतेक वेळा आपला मोबाइल नंबरच असतो. तो बदला. राउटरच्या आतल्या सेटिंग्जचा वेगळा पासवर्ड असतो, तोही बदलून घ्या. केबलवाल्यालाच समोर बसून करायला सांगा. पासवर्ड म्हणून तीन-चार असंबद्ध शब्द जोडून घ्या: एखादी भाजी, एखादं गाव, एखादी वस्तू आणि आकडे. मुलाचं नाव आणि जन्मसाल हे तर फेसबुकवरच असतं.

सात, घरचा शब्द. आता आवाजाची नक्कल करता येते. ‘बाबा, माझा अपघात झालाय, या नंबरवर पैसे टाका’ असा मुलाच्या आवाजात फोन येऊ शकतो. म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवा, जो कुठेही लिहिलेला नाही. पणजीच्या हातचा एखादा पदार्थ, गावाकडच्या म्हशीचं नाव, काहीही. पैशाचा फोन आला की तो शब्द विचारायचा.

बँकांसाठी दोन खुणा आणखी सांगतो. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. आणि बँका-विमा कंपन्यांच्या व्यवहाराच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर दिले जात आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँक मॅनेजर’ बोलला तर शंका घ्या. १६०० वरून आला तरी ओटीपी मात्र द्यायचा नाहीच.

मुलांच्या हातातला फोन

मुलाला फोन द्यायचाच नाही, असं आता कुठल्या घरात चालत नाही. शाळेचा अभ्यासच व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. मग निदान स्वतंत्र गूगल खातं काढून ‘फॅमिली लिंक’ने ते आपल्या फोनला जोडा. कुठलं अ‍ॅप घेतलं, किती वेळ गेला, हे दिसतं आणि रात्री फोन बंदही करता येतो. आयफोन असेल तर ‘स्क्रीन टाइम’मध्ये हेच आहे. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, नाहीतर गेममधली तलवार आपल्या पगारातून विकत घेतली जाते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने बंदी आणली आहे, त्यामुळे ‘रमीत जिंकतो’ म्हणणारं अ‍ॅप फोनमध्ये दिसलं तर मुलाशी बोला.

इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालच्यांसाठी ‘टीन अकाउंट’ आहे. त्यात खातं आपोआप खासगी राहतं आणि अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही. पण मुलाने जन्मसाल खोटं टाकलं असेल तर याचा उपयोग नाही. तेवढं एकदा शेजारी बसून बघा.

आता नाजूक गोष्ट. गेममध्ये किंवा इन्स्टावर ओळख होते, गोड बोलून फोटो मागितला जातो, आणि मग ‘पैसे दे नाहीतर तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो’ अशी धमकी येते. मुलींना येते तशी मुलांनाही येते. अशा वेळी मूल कुणाकडे जाईल? आई फोन हिसकावून घेईल, बाबा मारतील असं वाटलं, तर ते त्या धमकी देणाऱ्याचंच ऐकेल. म्हणून आजच, काही घडलेलं नसताना, सांगून ठेवा: “तुझ्याकडून काहीही चूक झाली तरी आधी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही.” आणि तो शब्द पाळा.

असं घडलंच तर पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत १८ वर्षांखालच्या मुलांचे असे फोटो मोठ्या समाजमाध्यमांवरून रोखायची सोय आहे. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याची आकडी खूण तयार होऊन तेवढीच जाते. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. पॉक्सो कायद्याने मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, त्यामुळे ‘गावात बोभाटा होईल’ म्हणून तक्रार टाळू नका.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० ला. भाऊ, मित्र, वकील सगळे नंतर. १९३० हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत पळतो. १९३० वर तक्रार गेली की ती बँकांच्या जोडलेल्या यंत्रणेत जाते आणि पैसा जिथे पोचला असेल तिथे गोठवायचा प्रयत्न होतो. पहिल्या तासाला म्हणूनच किंमत आहे. हाताशी खातं क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक ठेवा. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी वेबसाइटवर लगेच तक्रार भरा. त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड बंद करायला सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

बँकेला कळवण्याबाबत रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम माहीत असावा. चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी घुसून पैसे काढले, आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत पडतं. आपण स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरीही लपवून बसण्यात तोटाच आहे.

सीमेवरच्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो: तक्रार कुठे करायची? घर निपाणीत, खातं कोल्हापुरात, पैसे गेले राजस्थानात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो. यालाच ‘झीरो एफआयआर’ म्हणतात. ते ठाणं नोंद करून पुढे योग्य ठाण्याकडे पाठवतं. ‘आमच्या हद्दीत नाही’ एवढं ऐकून परत येऊ नका. कलम सांगा. मराठीत लिहिलेला अर्ज समजत नाही म्हणाले तर सोबत हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून न्या, पण त्या दिवशीच जा.

आणि सावध राहा: पैसे गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा’ असा फोन येतो. हा दुसरा चोर, पुष्कळदा पहिल्याचाच जोडीदार.

ओरडू नका

पैसे गेलेल्या माणसाचं त्या दिवशी काय होतं, हे आत्याजवळ बसून मी पाहिलंय. तिचा तर रुपयाही गेला नव्हता, तरी चार दिवस ती जेवली नाही. ‘एवढी कशी मी बावळट’ हेच चालू होतं. ज्यांची आयुष्यभराची पुंजी जाते त्यांचं काय होत असेल? अशा माणसाला एकटं सोडू नका. मन फारच खचलेलं दिसलं तर १४४१६ या ‘टेली-मानस’च्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रंदिवस चालतो.

आमच्या आत्याच्या घरी आता एक नियम केलाय. फोनवर काहीही घडलं, पाच रुपये गेले किंवा पाच लाख, सांगणाऱ्याला त्या दिवशी कुणी एक शब्द बोलायचा नाही. आधी १९३०, मग बँक, मग चहा. नातवाने फ्रिजवर कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात १९३० आणि सुनेचा नंबर. परवा आत्याला पुन्हा एक फोन आला, ‘केवायसी’चा. तिने ठेवून दिला आणि लगेच सुनेला ऑफिसात फोन लावला. सून मीटिंगमध्ये होती, तरी तिने उचलला.